अर्धी दाढी

यादी लागली तेव्हा मी वाल्देनोरच्या उजव्या गालावर होतो.
डावा अजून फेसात.
बाहेर किशादाच्या उघड्याबोडक्या खडकांवर
दुपारचे दोन,
आणि माझी मुलगी दारात.
हातात फोन, तोंडात एकही शब्द नाही.

मला वाटलं, याही वर्षी नाही.

दोनदा न आलेलं नाव मी पाहिलंय.
पहिल्यांदा ती रडली.
दुसऱ्यांदा तिने दुकानातला पंखा उतरवला,
खोलला, पुसला, तेल घालून परत बसवला.
तेव्हापासून तो आवाज करत नाही.
देशभरातून हजारो पोरं, जागा दीडशे,
आणि विमानं बनवायला शिकवणारी ती संस्था
इथून अडीच दिवस बसने.
ब्राझीलच्या नकाशावर मी हाताने मोजलं होतं,
एक वीत, वर चार बोटं.

आमच्या गावाची रीत आहे:
मोठ्या परीक्षेत नाव आलं की पोराचं डोकं भादरायचं.
पैसे मी घेत नाही.
बावीस वर्षांत अकरा डोकी.
पाववाल्याचा थोरला, शिक्षिकाबाईंचा एकुलता,
ते जुळे, ज्यांचे भोवरे उलटसुलट होते.
अकराही मुलगेच.
मुलींच्या गालांना रंग फासतात, केसांत पीठ उधळतात,
फोटो काढतात, झालं.

अकराही गेले.
नाताळात येतात, मिठी मारतात,
"आदाउतो, अजून तीच खुर्ची?" म्हणतात,
आणि तिच्यात बसत नाहीत.
त्यांच्या मानेवर दुसऱ्या कुणाच्या मशीनची रेघ असते,
सरळ, महागडी.
न्हाव्याला ते सांगावं लागत नाही.

जुसारा वाढली ती वाट बघणाऱ्यांच्या बाकावर.
दोन्हीकडून गिऱ्हाइकं फुटबॉलवरून भांडायची,
मधे बसून ही पेन्सिलीने वारा मोजायची,
पंखावरून किती, पंखाखालून किती.
वही संपली की आरशावर, साबणाने.
मी पुसायचो नाही.
लोक त्या बाणांमधून आपापला चेहरा शोधून घ्यायचे.
एकदा म्हणाली, बाबा, तुझा वस्तरा तीस अंशांवर चालतो.
मी म्हटलं, चालतो, एवढं मला ठाऊक आहे.

"उठा," ती वाल्देनोरला म्हणाली.
तो उठला, अर्ध्या फेसासकट.
ती खुर्चीत बसली.
"मलापण. मशीन नको. वस्तरा."

लिंदाल्वा आतून धावत आली, कोपरापर्यंत पीठ.
आधी रडली, मग ओरडली,
मग काय झालं ते विचारलं.
"पोरीचं डोकं? लोक विचारतील घरात कोण गेलं म्हणून!"
"सांग, कुणी गेलं नाही," जुसारा म्हणाली,
"मी जातेय."

बादलीत ताजं पाणी. नवं पातं.
या केसांतून मी उवा काढल्यात,
एकदा चिकटलेलं च्युइंग गम,
एकदा काजूच्या झाडावरचे मुंगळे.
कपाळापासून सुरुवात केली.
हात थरथरला नाही. डोकं कुणाचं, ते हाताला कळतच नाही,
एवढं एक या धंद्याचं बरं आहे.

कानामागे मात्र थांबला.
पांढरा वण, भुईमुगाच्या दाण्याएवढा.
तीन वर्षांची होती. हीच खुर्ची गरागरा फिरवून
तिने दोन्ही हात सोडले होते,
सोडल्यावर माणूस कुठे जातं ते बघायला.
सोळा वर्षं केसांखाली होता तो वण,
आणि मी विसरलो होतो.
तिकडच्या न्हाव्याला दिसेल.
विचारेल का तो?

ती आरशात बघत होती. स्वतःकडे नाही,
माझ्या मनगटाकडे.
"तीस नाही," म्हणाली. "अठ्ठावीस."

मी वस्तरा पुसला. पुन्हा पुसला.
कुणीच काही बोलेना. पंखासुद्धा.
शेवटी मागून वाल्देनोर,
डाव्या गालावर फेस वाळून खपली झालेला:
"आदाउतो, माझं राहिलंय रे."