स्टिअरिंगला बसेल असा

इडवालच्या दुकानात वरच्या फळीवर रंगाचे डबे,
खालच्या फळीवर कुत्र्यांची बिस्किटं,
आणि मधे, जिथे हात सहज पोचतो, तिथे पिसं:
कोंबड्याच्या मानेची, तितराची, बदकाच्या बुडाची,
पाकिटावर पेन्सिलीनं किंमत.

एलिनेद म्हणाली, माश्या बांधायला शिकंजा हवाय. पहिलाच.

वीस वर्षं ती विकतच्या माश्या
टेफीकाठच्या आल्डरांना टांगत आली.
मागे फेकलेली दोरी फांदी धरते, ओढली की तुटते,
माशी राहते वर, पाखरांनाही नको असलेली.
माशाला माशी लागते एवढंच.
कुणी बांधली, कितीला पडली,
मासा विचारत नाही.

त्यानं तीन काढून ठेवले काउंटरवर.

पहिला पितळी, फिरता. बोटानं ढकलला
की सावकाश गोल फिरून स्वतःच्या मर्जीनं थांबणारा.
किंमत ऐकून तिनं हात मागे घेतला,
परक्या बाळाला उचलता उचलता
त्याची आई बघतेय असं कळावं तसा.

दुसऱ्याला जड लोखंडी बैठक. ढकलून बघ, म्हणाला,
हलायचा नाही. हा तुझ्यामागंही राहील.
आणि बोलायला नको होतं हे कळून
उगीच गळांची डबी शोधत बसला.

तिसरा हलका. कडेला आवळायचा स्क्रू.
बुडाशी ठसा: भारत. ठशाचं एक टोक पुसट,
शिफ्ट संपत आली असावी कुणाची तरी.

इडवालनं तिच्या तळव्यावर तीन गळ ठेवले:
दहा, चौदा, अठरा.
आकडा वाढतो तसा आकडा लहान होतो,
एवढं ध्यानात ठेव, बाकीचं बोटांना कळतं.
दहाचा तिघांनी धरला. चौदाचाही.
अठराचा तिसऱ्याच्या जबड्यातून सटकला,
टिंग,
आणि लाकडी जमिनीच्या फटीत कायमचा गेला.

"बघितलंस? घरी असं झालं
की माणूस शिकंज्याला नाही, स्वतःला बोल लावतो.
आठवड्यात सगळं खोक्यात, खोकं माळ्यावर.
बरं, टेबल कसलंय तुझं?"

टेबल नाही, एलिनेद म्हणाली.
टेबलावर नवऱ्यानं उघडलेलं घड्याळ आहे,
नाताळापासून.
मी शाळेची बस चालवते. पावणेतीनला फाटकाशी लावते,
सव्वातीनला घंटा होते. मधला अर्धा तास माझा.
स्टिअरिंगला बसेल असा दे.

इडवालनं पितळी उचलून आत ठेवला, बैठकवालाही.
कानस घेतली,
जबड्याच्या आतल्या ओठावरून तीन हलके हात फिरवले,
फुंकर मारली, पुन्हा एक हात.
मग दोघं भुरभुर पावसात बसपर्यंत गेले.
स्क्रू चाकाला आवळला. बसला.
फक्त ती पुढे वाकली की कोपर भोंग्यावर पडतं
आणि समोरच्या बेकरीतली बाई दार उघडून बघते.

पहिली माशी बांधायला चार दिवस लागले.
दोरा दोनदा तुटला, पीस उलटं बसलं,
डोकं एवढं जाड
की गळाचा डोळाच बुजला.
सव्वातीनला आधी चढतो तो माक्सेन, पुढचे दोन दात नसलेला,
चाकाजवळ थबकला: "मेली का ही?"
बांधतेय अजून, ती म्हणाली, बस जाऊन.

शिकंजा सोडवून हातमोज्यात गुंडाळला,
मुलं मोजली, बावीस,
आणि गिअर टाकला.
ऑलिव्ह दोऱ्याचा एक तुकडा भोंग्याला चिकटून
पूल येईपर्यंत हलत होता.

अठराचा धरतो आता.
विसाचा नाही धरत. विसाचं
पुढच्या मोसमात बघू.