पहिल्या दहा गोळ्या

रात्री साडेनऊला रेंजवरचे दिवे मालवतात.
रास अल खैमाचा डोंगर खिडकीत आणखी काळा होतो
आणि माझ्या टेबलावर सहा पिस्तुलं येतात,
हिरव्या फ्लॅनेलवर, नंबर लावून बसलेल्या पेशंटसारखी.

आधी मॅगझिन काढायचं. स्लाइड मागे.
चेंबरमध्ये बघायचं.
करंगळीचं टोक लावून बघायचं.
मग परत बघायचं.
गुलजमान म्हणायचा, डोळा थकला की खोटं बोलतो, बोट बोलत नाही.
तो स्वाबीचा. गुडघे गेले तेव्हा गावी परतला,
जाताना पितळी ब्रश माझ्या खणात टाकून.

मी इचलकरंजीचा, मागावरचा जॉबर.
कुठल्या मागाचा धोटा अडकणार
ते चहा पिता पिता कानानं सांगायचो.
माग किलोच्या भावानं गेले, मी विमानानं.
स्प्रिंगचा स्वभाव दोन्हीकडे तोच :
जरा सैल सोडली की फरशीवर गुडघे टेकून शोधा.

आईला सांगितलंय, मशीन दुरुस्तीचं काम.
आम्ही सूर्य बुडाल्यावर न जेवणारी माणसं.
कसलं रे मशीन?
कागदाला भोकं पाडायचं, आई.
यात खोटं काही नाही.

बावीसचं काडतूस, करंगळीच्या दोन पेरांएवढं.
त्याचा पेट घेणारा मसाला मध्यावर नसतो, काठात असतो,
म्हणून ठोका कडेला बसावा लागतो.
एवढंसं, पण घाण करतं बघा चुलीसारखी :
शिसं, मेण, अर्धवट जळलेली दारू,
एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली काळं किटण,
त्यावर इथली पिठासारखी धूळ
आणि दर्यावरून येणारी, लोखंड चाटणारी हवा.

किटण काढायला श्रेणिकचा दातांचा ब्रश आहे.
एका सुट्टीत चुकून बॅगेत आलेला,
दांड्यावर हत्ती; सोंड झिजून गेली.
श्रेणिक आता दाढी करतो म्हणे.

मागच्या महिन्यात शम्सा चिडून आली.
तिचं पिस्तुल मी आरशासारखं केलं होतं,
नळीतून पलीकडचा बल्ब गोल दिसेपर्यंत.
धनपाल, काय केलंस? सात, आठ, परत सात!
दहाच्या वर्तुळात एकही नाही.
मला तेव्हा गुलजमान आठवला :
नळीला फार न्हाऊ घालू नकोस.
नव्यानं धुतलेली नळी गोळीला ओळखत नाही,
पहिल्या दहा इकडेतिकडे जातात,
मग आत शिशाचा, मेणाचा पातळ थर बसतो
आणि हात तोच, नेम तोच, गोळी घरी जाते.

मी तिला म्हटलं, दहा मारून बघ.
अकरावी दहात. बारावी त्याच भोकात.
ती हसली. मी मात्र
पुंगळ्या गोळा करता करता मध्येच थांबलो.

वर्षातनं तीस दिवस मी घरी असतो.
नवी चादर, घासलेली तांब्याभांडी,
पद्मल मला ताट वाढून उभी राहते, जी कधी उभी राहिली नव्हती.
मुलगा अहो-जाहो करतो.
सगळं लखलखीत, आणि कुठलंच वाक्य नीट लागत नाही.
विसाव्या दिवशी कधीतरी
ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून ती कडाडते,
पोरगं दार आपटतं,
आणि मला वाटतं, हां, आता.
तेवढ्यात बॅगेचं वजन करायची वेळ.

सहावं शम्साचं. उद्या तिची फेरी.
किटण काढलं. रुळांवर तेलाचा एक थेंब, दुसरा नाही.
नळीतून कोरडी चिंधी एकदाच,
बाकीचं काळं आत राहू दिलं.
जोडलं. चेंबरमध्ये रिकामी पुंगळी घालून
चाप ओढला, पिन कोऱ्या कडेवर पडू नये म्हणून.
टक्. बरोबर आवाज.

मग गावाकडे रात्रीचे साडेबारा असताना
पद्मलला उठवून म्हणालो,
गुरुवारी येतोय. घर झाडूबिडू नकोस यंदा.
बराच वेळ पंख्याचा आवाज.
मग म्हणाली, पिऊन आलायस का?