मुका माज

वहीत तीन रकाने:
तारीख, म्हशीचं नाव, माजाची लक्षणं.
तिसऱ्यात चैत्रापासून मी एकच शब्द लिहितोय.
नाही.

पारोळ्याच्या अलीकडे डांबर चप्पल धरून ठेवतं.
डेअरीच्या भिंतीवरचा पारा सेहेचाळीसला,
आणि तो सावलीत टांगलेला.
बोरीच्या पात्रात वाळू, वाळूत एक डबकं,
डबक्यात पाच म्हशींची फक्त नाकं.
काळं कातडं, घाम जेमतेम;
ऊन आत शिरतं नि परतीची वाट विसरतं.
अशा देहानं कुणाला हाक मारावी?

सुपडू आबांचा रेडा, गावात एकुलता,
निंबाखाली धापा टाकत उभा.
समोरून म्हैस गेली तरी
ओठ वर करून वास घेत नाही.
मान वळवणं हाही खर्चच.

केवळबाई माझ्या वहीला हसते.
"तुमी दिनले येतस, भाऊ.
ती रातले बोलस."

तिने खाट गोठ्यातच टाकलीय.
घरावर पत्रा, पत्र्याखाली भट्टी,
झोप तशीही कुणाला येते?
एक ओलं गोणपाट भुरकीच्या पाठीवर,
एक फडकं स्वतःच्या डोक्यावर.
नवरा सुरतेला, साड्यांच्या मिलमध्ये रात्रपाळीला.
"आम्हा दोघींचीबी रातपाळीच,"
म्हणाली, आणि गोणपाट पिळता पिळता
जरा जास्तच वेळ थांबली.

फोन आला पावणेतीनला.
हंबरली नव्हती. कुणी कुणावर चढलं नव्हतं.
पेंडीला तोंड लावलं नाही, एवढंच,
दोनदा उठली, थेंब थेंब मुतली,
माशी नसताना शेपटी बाजूला धरली
आणि पुन्हा बसली.
केवळबाईने अंधारात तिच्यामागची जमीन चाचपली.
बोटांना लागला सोट,
काचेचा दोरा ओढावा तसा, न तुटणारा.

पहाटे मी कॅन घेऊन पोचलो.
आत उणे एकशे शहाण्णव.
झाकण काढलं की पांढरी वाफ सांडते;
तिची धाकटी, शीतल, त्या वाफेत हात धरून बसली,
पुरे म्हटलं तरी हलेना.
कांडी वितळवायला पाणी लागतं सदतीस अंशाचं.
थंडीत मी ते चुलीवर कोमट करून घेतो.
इथे टाकीतलं पाणी एक्केचाळीस,
पहाटे साडेचारला.
माठातलं ओतून ओतून खाली आणलं.
अर्धा मिनिट. मग हातमोजा.
भुरकीने एकदा मागे पाहिलं
आणि लाळ गाळत पुन्हा समोर.

केवळबाईने कॅलेंडरवर
एकविसाव्या दिवसाला काजळाचं बोट लावलं.

त्या रात्री भुरकी बोलली नाही, तर अर्थ दोन:
पोटात काही धरलंय,
किंवा उकाडाच एवढा की बोलवेना.
बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.
हात घालून खरं कळायला श्रावण यावा लागेल.

एकविसावी रात्र. पारा चव्वेचाळीस होता दिवसा.
मी फोन उशाशी ठेवून जागा.
वाजला नाही.
सकाळी मीच लावला.
"काय शे?"
पलीकडे बादलीचा आवाज, दुधाची धार, मग ती:
"उगी शे."

उगी. गप्प बसलेल्याला म्हणतात आमच्याकडे,
आणि रडता रडता
छातीशी लागून शांत झालेल्या बाळालाही.

तिसऱ्या रकान्यात
मी तोच शब्द लिहिला.