दाब, धर, सोड

बाभळीच्या ठोकळ्यांवर अँबेसेडर,
खाली मुनीर, दिसतात फक्त टाचा.
दारव्ह्याच्या भंगारातली पाच गिअरची पेटी
काल चौघांनी खाटेवर आणली,
शिव्या देत, हसत.

आज काम माझ्या डाव्या पायाचं.
"दाब वं ताई." दाबते.
"धर." धरते.
"सोड."
बाटलीतल्या तेलात नळी बुडबुडते.
"हवा निघूनच राह्यली. अजून."

निंबाखाली बाबा.
जुना जड क्लच गुडघ्यानं सोडायला लावला त्यांना.
दर "दाब"ला त्यांचीही चप्पल
मातीत रुतते.

किती वेळा झालं, मोजलं नाही.
मग पेडल भरलं,
त्यानं माझा तळवा
परत ढकलला.

मुनीर सरपटत बाहेर आला, कपाळाला तेल.
बाबांनी एवढंच विचारलं,
"याचा रिव्हर्स कुठी हाय?"