जागच्या जागी

सफरचंदांच्या खोक्यावर इंजिन ठेवलंय,
खाली गोणपाट.
सिंगल सिलेंडर, सहाशे सीसी, साइड व्हॉल्व्ह.
पात्यांच्या फटींत अजून मोरचूद.
इमोजेनने नखाने खरवडून पाहिलं,
म्हणाली, हे धुवायचं नाही.
मी म्हटलं, आधी फ्रेमचं बोल.

गराजच्या जमिनीवर खडूने काढतोय आम्ही मोटारसायकल.
पुढच्या चाकाच्या जागी कुणाच्या तरी सायकलची रिम,
हँडलच्या जागी झाडूचा दांडा,
टाकीला पुठ्ठा.
टाकी तीनदा कापली: पहिली फुगलेली, दुसरी उपाशी,
तिसरीवर चहाचा कप ठेवला आणि विसरलो,
तिला आता गोल डाग आहे.

चौपन्न इंचांचा व्हीलबेस, की छप्पन?
त्या दोन इंचांवरून जुलैतली अख्खी संध्याकाळ गेली.
बाहेर ह्यूऑन नदीवर धुकं,
आत हीटरचा वास, आणि गुडघे टेकून दोघी जणी.
इमोजेनला मागे सस्पेन्शन नको.
तिचं वय बावीस, तिला कंबर आहे हेच अजून तिला कळलेलं नाही.
मी एकोणतीस वर्षं शाळेची बस चालवली,
या खोऱ्यातला खड्डान् खड्डा माझ्या मणक्यांना नावानिशी ठाऊक.
शेवटी सीटखाली दोन स्प्रिंगा आल्या.
वेल्डिंग तिचं, म्हणून बाकीचं सगळं ताठ.

मग कळलं, हा उलटा फिरतो.
फ्लायव्हीलवर रेघ मारली, दोरी ओढली,
रेघ गेली नको त्या बाजूला.
सरळ बसवला तर गाडी मागे जाणार.
मी खडू खाली ठेवला.
"मग त्यालाच फिरव की," इमोजेन म्हणाली.
म्हणजे तोंड मागे,
कार्ब्युरेटर पुढे, वाऱ्यात,
चेन उजवीकडे, धुराडं थेट बसणाऱ्याच्या पोटरीशी.
गाढवावर उलटं बसवून धिंड काढतात, तशी
सिग्नेटच्या बाजारातून जाणार ही स्वारी.

लेस्टरमामाचं हे.
पंपाच्या खोपटात, सिमेंटच्या ओट्यावर
चार बोल्टांनी आवळलेलं.
सप्टेंबर लागला की धडधडायचं;
टेकडीवर चौदाशे झाडांपर्यंत पाइपातून औषध चढायचं,
हे तिथेच.
एवढ्या फेऱ्यांचे मैल किती होतील,
मी एकदा हिशेब मांडला, मग खोडला.
पुढे इंग्लंडने सफरचंदं घेणं थांबवलं,
झाडं उपटायला सरकारने पैसे दिले.
मामाने झाडं उपटली. बोल्ट नाही काढले.
दर नाताळच्या आदल्या दिवशी पंप सोडवून
दहा मिनिटं चालवायचा, नुसतं.
कशाला, ते कुणी विचारलं नाही.
तो स्वतः होबार्टच्या पुढे कधी गेला नाही.
पाणी ओलांडायची भीती वाटते, म्हणायचा,
बेटावर जन्मून.

बोल्ट मी कापले, ग्राइंडरने. ते फिरेनातच.

आज यादी पक्की केली:
बर्मनचा गिअरबॉक्स, लॉन्सेस्टनच्या एका म्हाताऱ्याकडे आहे म्हणतात;
मॅग्नेटो नव्याने गुंडाळायला मेलबर्नला;
इंजिन धरायला खालून पाळणा, दीड इंची नळीचा.
राहिला गव्हर्नर.
दोन पोलादी गोळे, एक स्प्रिंग, एवढंसं,
पण अठराशेच्या वर जाऊ देत नाही.
रस्त्यावर कोण लावतं ते, इमोजेन म्हणते, काढ.
बरोबर आहे तिचं.
काढला, पुसला, तेलाच्या फडक्यात गुंडाळून
बिस्किटांच्या डब्यात ठेवला.
आता यादीत त्याच्यापुढे बरोबरची खूण करायची की फुली,
खडू धरून बसलेय.

समोर इमोजेनने दुसऱ्या खोक्यावर मांड ठोकलीय,
झाडूच्या दांड्याला पीळ देतेय,
तोंडाने आवाज काढत तिसऱ्या गिअरला पोचलीसुद्धा.
तिच्या गुडघ्यांमध्ये इंजिन,
तोंड मागे,
खोपटाकडे.