आठशे मीटर

टार्टूहून निघाले तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते
आणि उजेड होताच.
जूनमध्ये तो इथं झोपायला जात नाही,
नदीकाठी नुसता डोळे मिटून पडतो.
टेबलावर चिठ्ठी ठेवली : उशीर होईल, सूप फ्रीजमध्ये आहे.
कुठं, किती, ते लिहिलं नाही.
लिहिलं असतं, तर वाचून
मीच घरी थांबले असते.

पहिले साठ किलोमीटर फुकटचे.
राईची शेतं, विजेच्या खांबावर करकोच्यांचं घरटं,
त्यातून तीन माना एकदम वळल्या,
वर्गात उशिरा आलेल्या मुलीकडं वळाव्यात तशा.
पोल्त्सामाच्या पुलावर काळा पाव खाल्ला, खारवलेल्या माशाबरोबर,
आणि बोटं चाटता चाटता मनात आलं,
एवढंच असतं होय?

पायदेच्या पुढं कळलं.

वारा पश्चिमेचा. थेट समुद्रावरून निघालेला,
आणि या सपाट देशात
त्याला हटकणारी एक टेकडी नाही.
सत्तावीस वर्षं मी बेकरीत रात्रपाळी केली, उभ्यानं.
माझ्या पायांना उभं राहणं पाठ आहे.
हे बसून चालणं त्यांना पटेना.
डावा गुडघा आधी पुटपुटला,
मग सरळ नावानं हाका मारू लागला : माइरे, ए माइरे.

एका लाकडी बसथांब्यात मी रडले.
दुःख काही नव्हतं.
चॉकलेटचा कागद फाडता येईना, इतकंच.
मोपेडवरचा एक पोरगा थांबला,
माझ्या हातातून ते घेतलं, दातांनी फाडलं,
परत दिलं, आणि निघून गेला.
आभार मानायला तोंड उघडलं
तोवर तो वळणाआड.

राप्लानंतर किलोमीटर मोजायचे सोडले.
खांब मोजले, मग खांबही सोडले.
दुकानातली दरपाटी म्हणत राहिले, पॅडलच्या तालावर :
राईचा पाव मोठा, राईचा पाव लहान,
दालचिनीचं वेटोळं, खसखशीचं वेटोळं,
कालचं सगळं निम्म्या दरात.
कालचं सगळं
निम्म्या दरात.
तिथंच अडकले, वीस किलोमीटर.

हाप्सालूत पोचले तेव्हा रात्रीचे दहा,
सूर्य अजून खाडीवर रेंगाळत होता,
दुकान बंद करून किल्ली विसरलेल्या माणसासारखा.
जुन्या स्टेशनाच्या आवारात शिरले.
इथं गाडी येत नाही आता,
लांबच लांब फलाट तेवढा वाट बघतो.
मीटर पाहिला :
दोनशे नव्व्याण्णव पूर्णांक दोन.

नाही.
असं नाही चालणार.

म्हणून गोल फिरू लागले.
दिव्याच्या खांबाला वळसा, बाकाला वळसा,
एक फेरी साधारण शंभर मीटर.
दुसऱ्या फेरीला समोरच्या घराची खिडकी उघडली.
तिसरीला घरातल्या सपाता घालून एक म्हातारी रस्त्यापर्यंत आली.
"काय हरवलं गं?"
"आठशे मीटर," मी म्हणाले, न थांबता.
तिनं यावर विचार केला असावा.
मग बाकावर बसली, स्वेटरची बटणं लावली
आणि मोठ्यानं मोजू लागली :
"ही चौथी. ही पाच."
नाव सल्मे, सहावीला तिनं सांगितलं.
माझं मी सातवीला सांगितलं.
त्या गडबडीत सात तिनं दोनदा म्हटलं.
मी दुरुस्त केलं नाही.
शंभर मीटर जास्तीचे पडले, पडोत.

उतरता येईना.
पाय दांडीवरून पलीकडं जायलाच तयार नाही,
जणू सायकल माझ्या अंगाला शिवलेली.
सल्मेनं हँडल धरलं,
मग माझं कोपर धरलं,
दोघी थोड्या कललो, पण पडलो नाही.

"आलीस कुठून?"
"टार्टूहून."
तिनं सायकलीकडं पाहिलं. माझ्या गुडघ्यांकडं पाहिलं.
खूप हळू, खूप मायेनं विचारलं,
"बस चुकली का?"

"हो," मी म्हणाले.