पस्तीस फुटाणे

नागपुरात चढ शोधावा लागतो.
सगळं गाव परातीत थापल्यासारखं सपाट;
वर्धा रोडला निघालात तर पायांनी नुसतं फिरत राहायचं
आणि समोरून ट्रक.

म्हणून उईके काकांनी सेमिनरी हिल्स धरली.
टेकडी एवढीशी. दम लागतो न लागतो तोच संपते.
पण त्यांच्याकडे एक नकाशा होता,
घड्यांवर फाटलेला, डिंकपट्टी लावलेला,
कोकणातल्या कुठल्याशा राखीव रानाचा:
कातळ, कडे, खाली निळी रेघ
आणि तिच्या कडेकडेने एक रस्ता,
शिवणीतला दोरा ओढल्यावर कापड चुणतं तसा.
ब्याण्णव किलोमीटर. चौदाशे मीटर चढ.
"चौदाशेले चाळीसनं भाग," म्हणाले.
मी भागलं. पस्तीस.

कोराडीच्या वीजकेंद्रात छत्तीस वर्षं काढलेला माणूस,
समुद्र कधी न पाहिलेला.
रविवारी पहाटे साडेचारला हजर,
डाव्या खिशात पस्तीस फुटाणे.
दर फेरीला एक उजव्या खिशात.
मी मागे. माझं काम आकडा चुकू न देणं
आणि अंधारात कुत्र्यांना हाड म्हणणं.

प्रत्येक फेरीला नाव होतं, नकाशातून उचललेलं.
चौथी, बंदराचा घाट.
नववी, दीपगृहाचा फाटा;
तिथे वारा समोरून येतो म्हणे,
म्हणून काका हँडलवर ओणवे व्हायचे,
आणि इकडे सागाचं एक पान हलत नसायचं.
एकविसावीला नकाशात नाव नव्हतं,
नुसतं 'अवघड वळण' लिहिलेलं.
ते आम्ही जपानी गार्डनच्या फाटकाशी ठेवलं.
फिरायला आलेल्या बायका वाट सोडून उभ्या राहत.
एकीने विचारलंच, "काही नवस आहे का भाऊ?"
"हो," काका धापेतून म्हणाले,
"चौदाशे मीटरचा."

तिसावीनंतर बोलणं नाही.
खाली फुटाळ्यावर उजेड पडायचा,
काका तिकडे बघतही नसत.
पस्तिसावी झाली की ते फुटाणे, घामाने मऊ पडलेले,
आम्ही वाटून खायचो.
मग तर्री-पोहे. तर्री जास्त.

डिसेंबरात गेले. आठ दिवसांनी आले,
ते सायकल घेऊन थेट मंगळवारी बाजारात, जब्बारकडे.
मी धावत गेलो. "पाहिला का समुद्र?"

"होता ना. डाव्या हाताले होता, दिवसभर.
पन वयनं केवढी बे!
रस्ता पाहू का पानी पाहू?
एका जागी पंक्चरले थांबलो, तं धुकं."
मग जरा वेळाने,
"आयकू येत होता. टर्बाइनसारखा.
मले वाटलं, ड्युटीवरच आहो."

जब्बारने चेन उतरवली, उजेडात धरली.
"ये क्या लगा के लाए, चाचा?"
तांबूस, दाणेदार.
एवढा गंज आमच्या उन्हात आठ वर्षांत चढत नाही.
काकांनी एक कडी बोटाने पुसली,
बोट जिभेला लावलं,
आणि चेन माझ्यापुढे धरली. "चाख."

तेल. लोखंड.
मग बऱ्याच उशिराने, त्यांच्या मागून,
कोणीतरी लांबून चालत आल्यासारखं,
मीठ.

जब्बारने रॉकेलचा डबा ओढला.
"डुबा दूँ?"
"आज नको," काका म्हणाले.

त्या रविवारी सायकल टेकडीभर करकरत होती.
कुत्री भुंकायचं विसरून ऐकत बसली.
फुटाणे त्यांनी आणलेच नव्हते,
आणि उतारावर, फुटाळा दिसतो त्या जागी,
ब्रेक लावून ते डावीकडे बघत उभे राहिले.
किती फेऱ्या झाल्या ते मी मोजलं आहे.
सांगणार नाही.